करंगळीएवढी सवड

"पाय किती?"

माप घ्यायला कोणाच्याही घरी गेलं, की भाऊंचा पहिला प्रश्न हा असायचा. घरमालकाने बिचाऱ्याने लॅमिनेट फ्लोअरिंगचा खर्च किती येईल, एवढं विचारायला बोलावलेलं असायचं. त्याला वाटायचं, हे धंद्यातलं काहीतरी असेल. तो म्हणायचा, "कशाचे पाय? सोफ्याचे?"

"माणसाचे गा. या घरात पाय किती?"

मग तो छताकडे बघत मोजायचा. आम्ही दोघं, दोन मुलं, आई. दहा. भाऊ लगेच पुढे, "रांगणारं कोणी? काठीवालं कोणी? कुत्रं?" कुत्र्याचे चार पाय ते वेगळे लिहायचे, कारण त्याला नखं असतात. हे लिहून झालं की दुसरा प्रश्न, "कूलर कुठं ठेवता?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय भाऊंचा टेप खिशातून बाहेर यायचा नाही.

सक्करदऱ्याला फ्लोअरिंग आणि पडद्यांचं आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं. मी तिथे काउंटरवर होते आणि भाऊ मापवाले होते. त्यांना नाव होतं, पण ते कोणी वापरायचं नाही. शेठ त्यांना भाऊ म्हणत, शेठचे ऐंशीच्या घरातले वडीलही भाऊच म्हणत. बुटकी मूर्ती, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. पँटच्या गुडघ्यांना आतून जुन्या गोधडीचे तुकडे शिवलेले. माणूस आयुष्यभर जमिनीवर रांगला होता. तरुणपणी शहाबादी फरशी बसवली, मग मोझॅक घासलं, मग टाइल्स, आणि केस पांढरे झाल्यावर लॅमिनेट. "जमीन थेच हाय," ते म्हणायचे, "कपडे बदलवून राहिली फक्त."

अंदाजपत्रक ते लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे. जाड कागद, फुकटचा, वर हळदकुंकू लागलेलं असतं, आणखी काय पाहिजे, असा त्यांचा हिशेब. शेठने छापील फॉर्म करून दिले होते, ते भाऊंनी आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, पापड वाळवताना खाली घालायला दिले. एकदा एका बाईंनी पत्रिका उलटी धरली आणि म्हणाल्या, "अय्या, तुमच्याकडे लग्न आहे? पण तारीख तर दोन वर्षांपूर्वीची." भाऊ शांतपणे म्हणाले, "लग्न होऊन गेलं मॅडम. सुखात हायेत दोघं. मागं पहा, तुमच्या हॉलले तेरा खोके लागतीन."

कॅल्क्युलेटरला ते हात लावायचे नाहीत. डोळे मिटून, ओठ हलवत पावकी-निमकी म्हणायचे. अकरा निमे साडेपाच, बारा निमे सहा. मी मोबाइलवर आकडे दाबून उत्तर काढेपर्यंत यांचं लिहून झालेलं असायचं. आणि ते बरोबर असायचं, याचा मला फार राग यायचा.

कूलरचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नागपुरात मार्च संपला की घरोघरी कूलर लागतात आणि जूनपर्यंत ते ठिबकत राहतात. आपल्याकडे कूलर ठिबकणं हा दोष मानतच नाहीत. खाली एक पोतं घालायचं आणि वरणभात जेवायचं. पण लॅमिनेटची पट्टी म्हणजे आत दाबलेला लाकडाचा भुसा. तिच्यावर पाणी साचलं की ती कडेने फुगते आणि पुन्हा कधी खाली बसत नाही. एका मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यात चार खोल्यांचं काम होतं. डॉक्टर म्हणाले, कूलर बेडरूममध्येच राहणार, मला त्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. भाऊंनी पत्रिका काढली, तिच्यावर लिहिलं, "कूलर बाहेर निघाल्यावर अंदाज देईन," आणि खाली सही करून ती त्यांच्या हातात ठेवली. शेठ दोन दिवस दुकानात कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला, की खिडकीबाहेर स्टँड ठोकून घेतलाय, भाऊंना पाठवा. भाऊ निघताना मला म्हणाले, "डॉक्टरले कोणी नाही म्हणत नाही ना वं. म्हणून त्याले पटलं नाही. तिले पटलं."

पण भाऊ म्हटलं की मला आठवतो तो एकच शब्द. सवड.

पट्ट्या बसवताना चारी भिंतींशी थोडी जागा मोकळी सोडावी लागते. पावसाळ्यात फ्लोअरिंग फुगतं, थंडीत आखडतं. भिंतीला चिकटवून बसवलं तर त्याला जायला जागा राहत नाही आणि ते मधूनच उठून बसतं. कंपनीच्या पुस्तकात या जागेला लांबलचक इंग्रजी नाव आहे. भाऊ सवड म्हणायचे, आणि ती करंगळीने मोजायचे. भिंत आणि पट्टीच्या मध्ये करंगळी उभी घालायची. अडकली तर कमी, खुळखुळली तर जास्त. मी पहिल्यांदा करंगळी घातली तेव्हा ती चांगलीच खुळखुळली. भाऊ माझा हात उलटा-सुलटा करून बघत म्हणाले, "बारीक हाय तुही. राहू दे. काम करता करता जाडी होईन."

गिऱ्हाइकं कुरकुरायची. पैसे पूर्ण खोलीचे घेता आणि कडेला जागा सोडता? भाऊंचं उत्तर ठरलेलं. "साहेब, तुमच्या घरी पाहुणे येतात तं तुम्ही सरकून बसता का नाही? तिलेबी सरकाले जागा पाहिजे. घट्ट बसवलेलं काहीच टिकत नाही." मग बायकोकडे बघून, "काहून वहिनी, खरं हाय का नाही?" सगळ्या वहिनी हसायच्या आणि खोके नक्की व्हायचे.

मला काउंटरवरून मापाला नेलं तेही भाऊंनीच. मी कॉमर्स करून तिथे लागले होते. वडील गेल्यावर आई आणि मी किरायाच्या दोन खोल्यांत राहायचो, चार वर्षांत तिसऱ्या घरात. घरमालक म्हणेल तेव्हा सामान उचलायचं. दुकानात नमुन्याच्या पट्ट्या जमिनीवर जोडून ठेवलेल्या असायच्या आणि येणारा जाणारा बुटांनिशी त्यांच्यावर उभा राहायचा. मी त्यांच्यावर जाताना चप्पल काढायची. का काढायची, मला माहीत नाही. स्वतःचं नसलेल्या घरात वावरायची सवय असेल. भाऊंनी ते पाहिलं आणि शेठला जाऊन सांगितलं, ही पोरगी मापाले द्या.

शेठ म्हणाले, "मुलगी? लोकांच्या बेडरूममध्ये टेप घेऊन? आणि आकडा चुकला म्हणजे?"

"तं मीबी चुकलोच ना सुरुवातीले."

शेवटी शेठने तीन महिने दिले. तीन महिन्यांत एक जरी माप चुकलं तर परत काउंटर, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. मापवाल्याचा पगार काउंटरच्या दीडपट होता. आईला मी तीन महिन्यांचं सांगितलं नाही, नुसतं सांगितलं की मापवाली झाले. तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. आता परत जायची सोय राहिली नव्हती.

पहिल्या दिवशी स्कूटरवर मागे बसून जाताना भाऊंनी मलाही विचारलं, "तुह्या घरी पाय किती?"

"चार. मी आणि आई. पण घर किरायाचं आहे."

"बरं," ते म्हणाले. मग सिग्नलला म्हणाले, "होईन."

भाऊंचा नियम होता, कुठलीही खोली तीन ठिकाणी मोजायची. दारात, मधात आणि शेवटी. मला हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा. त्यातून शेठने नवीन लेझरचं यंत्र आणलं होतं. भिंतीवर लाल ठिपका पाडायचा, बटण दाबायचं, आकडा हजर. मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. भाऊ त्याच्याकडे संशयाने बघत. "हा ठिपका एका जागी जाऊन येते. खोली तं चालून पाहा लागते." मी हो हो म्हणायची आणि बटण दाबायची.

अडीच महिने सुरळीत गेले. मग भाऊंना ताप आला आणि एक माप मला एकटीला घ्यायला पाठवलं. तलावामागच्या एका ले-आउटमध्ये निवृत्त हेडक्लार्क काकांचं घर होतं. गौरी-गणपतीत महालक्ष्म्या बसायच्या आत हॉल करून हवा होता. काकांनी दारातच सांगितलं, "आपला प्लॉट गोमुखी आहे बरं का." मी म्हटलं, "वा, छान." चहा पिताना पुन्हा सांगितलं, गोमुखी आहे, म्हणून तर तीस वर्षं सुखात गेली. मी म्हटलं, "छानच." निघताना फाटकापाशी तिसऱ्यांदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा छान म्हटलं. मला वाटलं, लोक घराची शांत केली, वास्तुपुरुष पुरला, असं सांगतात तसं हे काहीतरी पुण्याचं असेल.

हॉलच्या मागच्या बाजूला दिवाण, दोन कपाटं, शिवणयंत्र असं सामान होतं. मी दारातून लेझर मारला. वीस फूट लांब, अकरा फूट रुंद. दोनशेवीस चौरस फूट. एका खोक्यात आठ पट्ट्या, वीस चौरस फूट जागा भरते, म्हणजे अकरा खोके. कापाकापीत वाया जाणाऱ्यासाठी एक वर. बारा. काकांनी गडद अक्रोडी रंगाची एक छटा निवडली. माझं बिल बनलं, माल गेला, मिस्त्री गेले. मी छापील फॉर्मवर सुवाच्य अक्षरात अंदाज दिला होता आणि मनातल्या मनात भाऊंना दाखवत होते.

महालक्ष्म्यांना चार दिवस उरले असताना दुपारी मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, माल कमी पडून राहिला. मागच्या भिंतीशी सहा पट्ट्यांची जागा उघडी हाय."

मी रिक्षा करून धावले. सामान हटवलेल्या हॉलमध्ये उभी राहिले आणि पहिल्यांदा तो हॉल पाहिला. डावी भिंत सरळ होती. उजवी दारापासून मागे जाताना हळूहळू बाजूला सरकत गेली होती. मागच्या टोकाला खोली सव्वाबारा फूट होती. गोमुखी म्हणजे गाईच्या तोंडासारखी, पुढे अरुंद आणि मागे रुंद. काकांनी मला खोलीचं माप तीनदा तोंडी दिलं होतं आणि मी तिन्ही वेळा नुसती मान डोलावली होती. वर तिरप्या भिंतीमुळे प्रत्येक ओळीची पट्टी तिरपी कापावी लागली, त्यात आणखी माल वाया गेला. जिथे महालक्ष्म्या बसवायच्या, नेमकं तिथेच उघडं सिमेंट दिसत होतं. काकू आतून आल्या आणि त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, उद्यापर्यंत करते.

दुकानात जाऊन बघते तर त्या छटेचा शेवटचा साठा मीच विकला होता. कंपनीने ती बंद केली होती. मी अमरावतीला फोन केला, रायपूरला केला, नागपुरातल्या आमच्या शत्रुपक्षाच्या दुकानांना केला. कुठेही एक पट्टी नव्हती. संध्याकाळी पाच वाजता मी ऑटोने कळमन्याला निघाले. मार्केट यार्डाच्या मागे, वाऱ्यावर मिरचीचा ठसका येतो अशा गल्लीत भाऊंचं घर होतं. मी तिथे पूर्वी कधी गेले नव्हते. वाटेत मी काउंटरच्या स्टुलाचा विचार करत होते. त्याचा एक पाय आखूड होता.

दार वहिनींनी उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मी चप्पल काढायची विसरले, इतकी ती जमीन बघत राहिले. एकाच खोलीत पन्नास घरांची जमीन होती. इथे दोन हात फिकट ओक, शेजारी लालसर सागवानी, मग करडी, मग काळपट, प्रत्येक तुकडा आपल्याआपल्यात जोडलेला, शेजाऱ्यापाशी नीट कापून बसवलेला. गोधडी असते तशी. प्रत्येक कामावर उरलेल्या चारसहा पट्ट्या भाऊ मालकाला विचारून घरी आणायचे आणि आपल्या जमिनीत बसवायचे. ताप उतरत आलेला होता. भाऊ पलंगावर बसून मला पत्ते सांगायला लागले. हे बुटीबोरीच्या मॅनेजरचं. ही नव्या सुनेची खोली. हे कूलरवाले डॉक्टर.

वहिनी म्हणाल्या, "कोणाची पट्टी कुठं हाय, सारं माहीत हाय यांले. स्वतःचा चष्मा कुठं हाय, थे मले इचारतात."

मी चप्पल बाहेर ठेवून आले आणि रडत रडत सगळं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "त्या माणसानं तुले तीनदा सांगतलं वं."

"हो."

"तू तीनदा छान म्हणलं."

"हो."

"आता समजली, मी पाय काहून इचारतो? लोक माप सांगतच असतात. आपण इचारत नाही आन् ऐकतबी नाही." मग त्यांनी छटा कोणती ते विचारलं. मी सांगितली. ते उठले, खिडकीखाली भिंतीशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. तिथे गडद अक्रोडी रंगाचा एक तुकडा होता. एका दातांच्या दवाखान्याचा, ते म्हणाले. भिंतीकडची कड त्यांनी पटाशीने उचलली आणि एकेक पट्टी तिरपी करून सोडवली. सहा. सहाच होत्या.

"भाऊ, तुमची जमीन," मी म्हटलं.

"राहू दे. सवड हाय."

"मंग माह्या पायाले ठेच लागन त्याचं काय?" वहिनी म्हणाल्या.

"तिकडून नको जाऊ."

मी पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या तेव्हा भाऊंनी माझा हात धरला. "उद्या आधी काकाले सांगजो, का माप मी चुकली. मंग शेठले सांगजो. पट्ट्यांचं नाव शेवटी काढजो."

"पट्ट्या आधी दाखवल्या तर राग कमी होईल ना?"

"होईन ना. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या ऑटोतच ठेवून मी काकांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "काका, तुम्ही गोमुखी म्हणालात, मला त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि मी विचारलं नाही. माप मी एकाच ठिकाणी घेतलं. चूक माझी आहे." काकूंनी त्या सिमेंटकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "लक्ष्म्यांच्या पायाखालीच चुकलीस पोरी." काकांनी आत जाऊन स्वतःचा जुना पोलादी टेप आणला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडून तो हॉल त्यांनी तीन ठिकाणी मोजून घेतला, दारात, मधात, शेवटी. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लावला. "आता समजलं गोमुखी म्हणजे काय?" मी म्हटलं, समजलं. मग ऑटोतून पट्ट्या आणल्या. दुपारपर्यंत जमीन पुरी झाली.

शेठला मी सांगायला गेले तर काकांचा फोन आधीच येऊन गेला होता. काका काय बोलले ते मला कधी कळलं नाही. शेठने माझं सगळं ऐकलं, टेबलावरचं लेझरचं यंत्र उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "मापाला तूच जाशील. पण तीन जागी." मी बाहेर येऊन पाण्याच्या मडक्यापाशी उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला काकूंनी मला आणि आईला बोलावलं. आम्ही त्या सहा पट्ट्यांच्या अगदी समोर बसून पुरणपोळी खाल्ली आणि मी आईला तेव्हा सगळं खरं सांगितलं. तिने पोळीवर तूप मागून घेतलं.

पुढे भाऊंच्या गुडघ्यांनी संप केला आणि त्यांनी काम सोडलं. मी राहिले. सणावाराला त्यांच्याकडे जायची. खिडकीखालचं सिमेंट तसंच उघडं होतं. जमिनीच्या बाकी कडा दरवर्षी नव्या व्हायच्या, कारण माझ्या कामांवर उरलेल्या पट्ट्या आता मी त्यांना नेऊन द्यायची. ते त्या घ्यायचे, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून घ्यायचे, पण खिडकीखाली एकही नाही. वहिनींनी तिथे पायपुसणं टाकलं होतं. मी दोनदा विचारलं, हे का नाही भरत? भाऊ म्हणाले, "सवड हाय थे." मला वाटलं, भाऊंना बोलायला आता हा एकच शब्द उरला आहे.

मागच्या वर्षी आईने आणि मी बेसा रोडला फ्लॅट घेतला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. बँकेचे हप्ते वीस वर्षं चालतील, पण आता सामान उचला म्हणणारं कोणी नाही. जमीन लॅमिनेटचीच करायची, हे ठरलेलं होतं. माप मी स्वतः घेतलं. तीन ठिकाणी, दोनदा. चौदा खोके. तरी मला वाटलं, अंदाज भाऊंच्या हातचा असावा. मी त्यांना गाडीने घेऊन आले. ते दारात चपला काढून उभे राहिले आणि विचारलं, "पाय किती?"

"चार."

"कूलर?"

"बाल्कनीत. स्टँडवर."

ते खोल्यांमधून सावकाश चालले, भिंतीला हात लावत. मग पत्रिका काढली, डोळे मिटून ओठ हलवले आणि लिहून माझ्या हातात दिली. चौदा खोके. त्याखाली आणखी एक ओळ होती, "सवड – १ खोका". एकूण पंधरा.

मला वाईट वाटलं. सवड म्हणजे सोडलेली जागा. तिथे पट्टी नसते, म्हणूनच तर ती सवड. तिला खोका कशाला लागेल? या माणसाचं माप मी कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं आणि चुकलं ते माझ्याच घरात. आईला म्हटलं, भाऊ म्हातारे झाले गं. त्यांना दुरुस्त करायला मात्र जीभ उचलेना. मी पंधरा खोके मागवले.

चौदा खोक्यांत जमीन पुरी झाली. पंधरावा खोका न फोडता भिंतीला उभा राहिला. भाऊ बघायला आले तेव्हा त्यांनी आधी चारी भिंतींशी करंगळी घालून पाहिली आणि मान डोलावली. मग खोक्यापाशी जाऊन ते खाली बसले. कात्रीने खोक्यावरची चिकटपट्टी कापली आणि आठ पट्ट्या मोजल्या. दोन माझ्याकडे सरकवल्या. "या पलंगाखाली ठेव. छटा बंद होते." उरलेल्या सहा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले.

"या माह्या," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. मग मला ते खिडकीखालचं उघडं सिमेंट आठवलं. मी विचारलं, "भाऊ, सात वर्षं?"

"मंग? दुसऱ्याच्या कशा बसवू तिथं? थे जागा तुह्या घराची वाट पाहून राहिली होती."

त्याच संध्याकाळी आम्ही कळमन्याला गेलो. आईही आली. माझ्याकडे एकदा खाली बसल्यावर भाऊंचे गुडघे आता वाकत नव्हते, म्हणून मी खाली बसले आणि ते पलंगावरून सांगत राहिले. पायपुसणं उचललं, सिमेंट झाडलं, माझ्या घराच्या सहा पट्ट्या त्यांच्या जमिनीत एकेक करून बसवल्या. वहिनी लगेच त्यांच्यावर अनवाणी उभ्या राहिल्या, पुढे-मागे चालल्या आणि आईला म्हणाल्या, "आता रोज तुमच्या घरातून जात जाईन मी स्वयंपाकाले."

भाऊ म्हणाले, "भिंतीकडं पाह्य, बरोबर हाय का."

मी भिंत आणि पट्टीच्या मध्ये करंगळी घातली. अडकली नाही, खुळखुळलीही नाही.